ताईंचा चौकोनी खडा

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहायला बसावं हेच जरा जास्त होतंय. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजवर लिहिलं ते फक्त प्रयोगाच्या जर्नलमध्ये, आणि त्यावरही सरांचा लाल शेरा असायचा, "गोष्ट सांगू नका, निरीक्षण लिहा." तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. हवेतल्या ओलाव्याशी आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी जसं वैर धरलं, तसं भाऊबंदकीतही कुणी धरलं नसेल. आणि हे सगळं उल्हास नदीच्या काठाला राहून, जिथे पावसाळ्यात पापडसुद्धा डब्यात मान टाकतो!

ताई बदलापूरहून यायच्या, मी अंबरनाथहून. कॉलेज उल्हासनगरात. मी एम.एस्सी.ला होतो, त्या पीएच.डी. करत होत्या, आणि त्यांना निओडिमियम फॉस्फाइडचा खडा हवा होता. निओडिमियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू. जुन्या हार्डडिस्कमधल्या चुंबकातही तो असतो. त्याचा आणि फॉस्फरसचा संयोग झाला की दोघांचे अणू अगदी मिठातल्यासारखे एकाआड एक बसतात, म्हणून स्फटिक नीट वाढला तर त्याला चौकोनी कोपरे दिसायला हवेत. आमच्या भट्टीतून मात्र दरवेळी काळी भुकटीच निघायची. "क्ष-किरणांचं मशीन म्हणतं बरोबर आहे, मान्य," ताई म्हणायच्या, "पण मला एकदा त्याचा कोपरा बघायचाय रे. माझ्या डोळ्यांनी." मिठाशी असलेलं साम्य तिथेच संपायचं. मीठ ओल्या हवेत नुसतं पाझरतं. हा पदार्थ ओल्या हवेत नासतो आणि जाता जाता फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतो. त्याला लसणात सडकी मासळी घातल्यासारखा वास येतो.

म्हणून ताईंचा सगळा संसार सिलिका जेलच्या पुड्यांचा. चपलांच्या खोक्यात ओल शोषायला ज्या पांढऱ्या पुड्या टाकतात ना, त्याच. बाजारातल्या सगळ्या चपलांच्या दुकानदारांना ताई ठाऊक होत्या. चप्पल त्यांनी क्वचितच घेतली, पुड्या मात्र पर्स भरून आणल्या. ओलावलेले दाणे त्या घरी तव्यावर भाजून पुन्हा कोरडे करायच्या. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांची आई मला सांगत होती, "बघ बाबा, लोकांच्या पोरी भाकऱ्या भाजतात, आमची पुड्या भाजते. त्याही खायच्या नाहीत!" त्या पुड्या प्रत्येकाच्या बॅगेत जायच्या. माझ्या डब्यात एकदा निघाली तेव्हा आमची आई मसाला समजून ती फोडणार होती, मी धावलो म्हणून वाचलो.

काम अवघड होतं. धातूचा कीस आणि लाल फॉस्फरस एका छोट्या मुशीत घालायचा, ती मूस क्वार्ट्‌झच्या नळीत सरकवायची, नळीतली हवा काढायची आणि ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करायचं. आमच्याकडचा पंप कायम आजारी आणि काच वितळवणारा माणूस तर नाहीच. शेवटी ताईंनी गाठलं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. तिथे हवा खेचायचा पंपही असतो आणि नळी जोडायची ज्योतही. दुकानाचे मालक सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणायचे. पहिल्या दिवशी नळी बघून त्यांनी विचारलं, "दीदी, इसमें गैस कौनसा भरना है?"

"भरना कुछ नहीं साईं, निकालना है."

"तो ठंडा कैसे करेगा?"

"ठंडा नहीं करना, भट्टी में डालना है."

साईंनी डोक्याला हात लावला, पण नळी बंद करून दिली. परत येताना ताई रिक्षावाल्याला खड्ड्याखड्ड्याला सांगत होत्या, "हळू दादा, नळीत हवा नाहीये." तो म्हणाला, "ताई, हवा माझ्या टायरात हवी, तुमच्या नळीत नसली तर नसली."

पहिली नळी भट्टीत फुटली. लवकर व्हावं म्हणून तापमान भरभर चढवलं होतं, फॉस्फरसची वाफ दाटली आणि दारामागे धप्प! तेव्हापासून ताईंनी सावकाशीचं व्रत घेतलं. भट्टी मुंगीच्या पावलानं तापवायची, आणि चहासुद्धा बारीक गॅसवर. कॅन्टीनवाला ओरडायचा, "ताई, हा चहा आहे, तुमचा फॉस्फरस नाही!" मी परीक्षेला घाबरून रात्रंदिवस पाठांतर करायला लागलो तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या, "हळूहळू तापव रे स्वतःला. फुटशील."

एका नळीत काहीतरी चमकलं. ताईंनी ती खिडकीपाशी धरली, पण काचेतून कोपरा काही ठरेना. बाहेर पाऊस. उघडू नये हे त्यांनाही कळत होतं, तरी शेवटी वायू खेचणाऱ्या कपाटात त्यांनी नळी कापली. चिमट्यानं खडा भिंगाखाली नेईपर्यंत त्याच्यावर राखाडी साय आली आणि तो वास सुटला. ताईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर हाकललं. व्हरांड्यात शिपाईमामा विचारत होते, "कुणाच्या डब्यात बोंबील आहेत?" सगळे हसले. ताई कपाटाच्या बंद काचेकडे बघत होत्या. "होता रे," त्या म्हणाल्या, "मला वाटतं चौकोनीच होता."

असल्या पदार्थाला कोरड्या वायूनं भरलेली, हातमोजे बसवलेली बंद पेटी लागते. ती लांबच्या एका संस्थेत होती, आणि ताईंना तिथे बोलावणं आलं. जाताना शेवटची बंद नळी त्यांनी माझ्या हातात दिली. "उघडू नकोस. बंद आहे तोवर आहे. खरा खडा झाला की तुला पहिल्यांदा कळवीन."

नंतर माझा फोन बिघडला, नंबरही बदलला, आणि त्यांचा माझ्याकडे राहिला नाही. प्रयोगशाळा तीच आहे, पण चहा आता भसकन उकळतो. जुन्या बॅगेच्या कोपऱ्यात अधूनमधून एखादी पुडी सापडते. मी ती फेकत नाही, तव्यावर भाजतो आणि त्या नळीच्या डब्यात ठेवतो. आई बघते आणि तवा रिकामा करून देते.

गेल्या आठवड्यात माझ्याच प्रयोगाची नवी नळी बंद करून घ्यायला साईंकडे गेलो. त्यांचा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, तो कधी बदलत नाही. मला बघताच त्यांनी ज्योत बारीक केली.

"अरे, कहाँ था तू? तेरी दीदी का फोन आया था. तेरा तो लगता ही नहीं, बोली."

"काय म्हणाल्या?"

"बोली, छोटे को बोलना, चौकोनी है. अब ये चौकोनी क्या है रे? उधर जाके बर्फी बना रही है क्या?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "दो-तीन बार बोली, साईं, कोना दिखता है, कोना दिखता है. हँस रही थी कि रो रही थी, फोन पे समझा नहीं."