सिहोऱ्याची दहा मिनिटं

भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर रूमची चावी माझ्या कमरेला असायची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा मी नुकताच लागलो होतो. तेव्हापासून तिथल्या तारा मी ओढल्या, पंखे मी पुसले. आणि दोन वर्षांपूर्वी आलेली अड्याळची एक पोरगी साहेबांना माझ्यापेक्षा हुशार वाटायला लागली! नवा सर्व्हर बसला त्या महिन्यात साहेब सहज म्हणाले, "आता चावी कोणाकडे ठेवायची ते बघू." तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं, ते काही खाल्ल्यानं नव्हे.

सर्व्हरमध्ये शिरताना कोणाची ओळख पटली नाही की आमच्या पडद्यावर लाल ओळ उमटायची. नवा सर्व्हर लागल्यापासून सिहोऱ्याच्या ऑफिसातून रोज सकाळी लाल ओळींची रांग लागली. तिथे एकच म्हातारे कारकून होते, तुमसरहून जाऊन-येऊन नोकरी करत. सर्व्हर त्यांना आत घेईना.

पासवर्ड चुकतोय, दुसरं काय, असं मी ठरवूनच टाकलं. फोनवरून तीनदा बदलायला लावला.

"सायेब, इतके पासवर्ड झाले, आता मले माहं नाव बी आठवून नाई राहिलं," कारकून वैतागले.

मग केबल बदलून झाली. ओळी लालच. त्या अड्याळच्या पोरीला विचारावं असं एकदा मनात आलं, पण आपलं नाक आपल्याच हातानं कोण कापून देतो?

तिसऱ्या दिवशी साहेबांनीच तिला बोलावलं. ती माझ्या खुर्चीत बसली आणि पडद्याकडे न बघता सिहोऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. आधी जेवण झालं का, मग धानाचा रोवणा आटोपला का, मग संध्याकाळी तुमसरची एसटी मिळते का. मी मनात हसलो. म्हटलं, कर गप्पा.

"काकाजी, तुमच्या कंप्युटरवर किती वाजले जी?"

"अकरा वाजून दहा मिनटं."

"इथं तं अकराच वाजून राहिले."

तिनं साहेबांना सांगितलं की घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर हा नवा सर्व्हर पासवर्ड बरोबर असला तरी दारातूनच परत पाठवतो. हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि लगेच ती दहा मिनिटं आठवली.

उन्हाळ्यात मी सिहोऱ्याला गेलो होतो. कंप्युटरच्या घड्याळात सहा वाजल्याशिवाय हजेरी बंद व्हायची नाही आणि तुमसरची एसटी नेमकी सहाला निघून जायची. कारकुनांनी गाऱ्हाणं सांगितलं आणि मी मोठेपणा मिरवत, माझ्याच पासवर्डनं, घड्याळ आपोआप जुळण्याची सोय बंद करून वेळ दहा मिनिटं पुढे सरकवून दिली. चहा पिऊन परत आलो आणि विसरून गेलो.

असलं काही बदललं की कोणी बदललं ते मशीन लिहून ठेवतं. तिनं इथूनच सिहोऱ्याच्या मशीनचं ते पान उघडलं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे माझं नाव होतं.

"कोणाचा उद्योग हा?" साहेबांनी टेबलापलीकडून विचारलं.

"मशीन जुनी आहे सर, घड्याळ पुढं पळतं," ती म्हणाली आणि पान बंद केलं. वेळ सरळ केली. कारकून आत शिरले, लाल ओळी थांबल्या. साहेबांनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि माझ्यासमोरच तिच्या हातात दिली.

जिन्यात ती मागून आली.

"भाऊ, काकाजीची सहाची एसटी नाही सुटली पाहिजे. हजेरी दहा मिनटं आधी बंद कराचं आपण दोघं साहेबाले सांगू," ती म्हणाली आणि खाली निघून गेली. त्या ओळीतल्या नावाचं एका शब्दानंही काढलं नाही.

चावीचा हेवा चार दिवसांत जिरला असता. हा दुसरा अजून जिरलेला नाही. तिच्या जागी मी असतो तर त्या ओळीतलं नाव सगळ्यात आधी आणि मोठ्यानं वाचलं असतं.