अक्कांची तोफ

पिळलेली चादर अक्कांनी गच्चीवरच्या दोरीवर निम्मी टाकली होती. एका टोकाला चिमटा लागला होता, दुसरं टोक अजून बादलीत होतं. तेवढ्यात डोक्यावरून सावली सरकली. अक्कांनी मान वर केली. घार होती, आणि तिच्या चोचीत काहीतरी लोंबत होतं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर ती उतरली, वाकली, आणि परत उडाली तेव्हा चोच रिकामी होती.

"अगं, ऐकलंस का!" अक्कांनी चादर तशीच सोडली आणि जिन्यातून भावजयीला हाक मारली. "तोफ आण वर!"

तोफ म्हणजे अक्कांची लेन्स. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, दुधाच्या बरणीएवढी जाड, झूमचं कडं फिरवलं की आणखी वीतभर पुढे सरकणारी. सोसायटीत तिला तोफ म्हणायचे आणि अक्कांना तोफखाना. अक्कांना दोन्ही नावं पसंत होती.

आयुष्यभर त्यांनी शाळांचे ग्रुप फोटो काढले होते. खुर्च्यांवर शिक्षक, पुढे मांडी घालून लहान मुलं, मागे बाकांवर उंच मुलं. मागच्या रांगेतलं एखादं पोर दुसऱ्याच्या डोक्याआड गेलं तर अक्का सगळी रांग मोडून पुन्हा लावायच्या. मुख्याध्यापक घड्याळ दाखवायचे, अक्का त्यांच्याकडे पाठ करायच्या. "त्याच्या आईला तो दिसला पाहिजे," एवढंच म्हणायच्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि काम सुटल्यावर सगळे म्हणत होते गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्या, तर बाईंनी ही जुनी लेन्स घरी आणली. धाकट्या भावाने डोक्याला हात लावला. "अक्का, या वयात माणसं जपमाळ घेतात." अक्का म्हणाल्या, "माळ आहे माझ्याकडे. देवाचं नाव तोंडाने घेते, हात मोकळेच असतात."

भावजय लेन्स दोन्ही हातांनी तान्ह्या बाळासारखी धरून वर आली. अक्कांनी ती कॅमेऱ्याला लावली, तिवईवर ठेवली आणि डोळा लावला.

"पिल्लू असणार. घास घेऊन आली होती ती."

"मला बघू द्या ना वन्सं." भावजयीने डोळा लावला आणि किंचाळलीच. "माझं फडकं! ओट्याचं पिवळं फडकं! महिनाभर मी तुमच्या भावाला बोल लावतेय, आणि हे बघा, या मेलीने नेलंय!"

खरंच, तारा, काटक्या आणि प्लास्टिकच्या दोऱ्यांमधून त्या फडक्याचं पिवळं टोक बाहेर आलं होतं. अक्का हसल्या आणि भराभर फोटो काढत सुटल्या. त्यातल्या एका फोटोत घरट्याच्या काठाशी गोल, करडं काहीतरी दिसलं. अक्कांचा जीव भांड्यात पडला.

कारण टाकी रंगवायची ठरली होती. रंगारी दुसऱ्या दिवशी सकाळी चढणार होता आणि घरटं खाली ढकलणार होता. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलंच होतं: घरटं जुनं व रिकामं आहे.

संध्याकाळी अक्का कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. सेक्रेटरी, शेजारचे चार जण आणि भाऊ कॉम्प्युटरभोवती जमले. अक्कांनी बोट ठेवलं. "हे पिल्लू."

सेक्रेटरींनी चष्मा नीट केला. "दिसतंय खरं काहीतरी." मग सहज पुढचा फोटो उघडला. त्यात घार आभाळात होती, घरटं नव्हतंच, आणि तो करडा गोळा मात्र तिथेच होता. त्याच्या पुढचा फोटो भावाचा निघाला, गच्चीवर चहा पितानाचा. गोळा त्याच्या डोक्यावर, टकलाभोवती माशी फिरावी तसा.

"अक्का, तुमचं पिल्लू तर सगळीकडे फिरतंय हो!" सेक्रेटरी म्हणाले. ऑफिस हसून हसून लोटपोट झालं. भाऊसुद्धा हसला, मग बहिणीचं तोंड पाहून खोकला आल्यासारखं करू लागला.

अक्कांचे कान तापले. काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. धूळ. गच्चीवर वाऱ्यात लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड वर राहिलं होतं. फिल्मच्या काळात धुळीचा कण बसला तरी तो त्या एका फोटोपुरता, फिल्म पुढे सरकली की कणही गेला. इथे आत एकच पाटी, काडेपेटीपेक्षा लहान, तिला सेन्सर म्हणतात. प्रत्येक फोटो त्याच पाटीवर उमटायचा, म्हणून कणही प्रत्येक फोटोत, त्याच जागी. त्यात अक्कांनी जुन्या सवयीने लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवलेलं, मागच्या रांगेपर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून. छिद्र बारीक केलं की धूळही तितकीच स्पष्ट येते. मागची रांग नव्हती तिथे, तरी हाताने सवय सोडली नव्हती.

"चुकले," अक्का म्हणाल्या. हसणं जरा थांबलं. "हा डाग आहे. पिल्लू नाही."

"मग मिटलं," सेक्रेटरी म्हणाले.

"मिटलं कसं? डाग माझा, पिल्लू तिचं. रिकाम्या घरट्यात कुणी घास नेऊन ठेवतं का?"

"अक्का, रंगाऱ्याला उद्याचं सांगितलंय. पावसाआधी टाकी व्हायला हवी. लोक मला बोलतात, तुम्हाला नाही."

"तो चढायच्या आत फोटो आणते."

"आणा," सेक्रेटरी म्हणाले. "पण माशी नको."

 घरी येऊन दार लावल्यावर भाऊ म्हणाला, "सोड ना आता. हसतायत लोक."

"तूही हसलास."

"मला हसू आलं गं! माझ्याच डोक्यावर बसलं होतं ते!"

"मग हस पोटभर. मी कामाला लागते."

अक्कांनी भावजयीला घेतलं आणि बाथरूममध्ये गेल्या. गरम पाण्याचा नळ सोडला, वाफ होऊ दिली, मग ती जिरू दिली. ओल्या हवेत उडती धूळ खाली बसते. कॅमेरा सफाईच्या सेटिंगवर ठेवला की आतला पडदा उघडा राहतो, आणि बॅटरी मध्येच संपली तर तो पडदा हातातल्या पुसायच्या काडीवर मिटतो, म्हणून बॅटरी आधी पूर्ण भरून घेतली. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी फुग्याने हवा मारली. भावजय टॉर्चचा उजेड धरून वाकली.

"मी फुंकू का वन्सं?"

"खबरदार! थुंकी उडेल."

मग चपट्या काडीला दोन थेंब सफाईचं औषध लावून एकच हात, डावीकडून उजवीकडे. काडी उलटी करून परत एक. तेवढ्यात दार ठोठावलं गेलं.

"दोघी आत काय करताय? मला हात धुवायचेत!"

"डोळे धुतोय!" अक्का ओरडल्या. "तुझे नाही, कॅमेऱ्याचे!"

पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन पाहिला. मधला डाग गेला होता, पण पुरता नाही. पुसताना ढकलला जाऊन उजव्या कोपऱ्यात बसला होता. काड्या संपल्या होत्या. 

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "आता मला त्याचं घर माहीत आहे."

सकाळी ऊन तापायच्या आत त्या गच्चीवर होत्या. पत्रे तापले की हवा थरथरते आणि इतक्या लांबचं चित्र पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. छिद्र या वेळी मोठं उघडलं. वाऱ्याने तिवई डुलत होती, म्हणून कालची बादली पाणी भरून तिच्या पोटाखाली टांगली. निम्मी वाळलेली चादर अजून दोरीवरच होती. भावजयीने ती ओढून अक्कांच्या डोक्यावर आडोसा केला.

घरट्यात काही हलेना. पिवळं फडकं आणि काटक्या, बस्स. खाली रंगारी आला, सेक्रेटरी आले, शिडीचा आवाज झाला. भाऊ वर आला आणि कठड्याशी उभा राहिला.

"अक्का, चढतोय तो."

"दिसतंय मला. तू उजेडातून बाजूला हो."

रंगारी निम्म्यावर गेला तशी घार आली. एकदा त्याच्या डोक्यावरून गेली, दुसऱ्यांदा इतकी खालून की त्याने शिडीला मिठी मारली. "देवा, माझे हात धर," अक्का पुटपुटल्या. खांदा ठणकत होता, डोळ्यात घाम उतरला होता, पण त्यांनी डोळा काढला नाही. घारीची सावली घरट्यावरून गेली, आणि फडक्याच्या शेजारी एक फिक्कट, लोकरीसारखं डोकं वर आलं. आई आली समजून त्याने चोच उघडली.

अक्कांनी बटण दाबलं. मग कॅमेरा जरा डावीकडे वळवून दाबलं, मग उजवीकडे, मग खाली. भाऊ म्हणाला, "मधोमध घे ना, हलवतेस कशाला?" अक्कांनी कॅमेरा आणखी एकदा हलवला.

मग कठड्यावरून ओणवून त्या अशा ओरडल्या की शाळेचं पटांगण आठवावं. "शिडीवरच्या! हलू नकोस! आलेच मी!"

गुडघे कुरकुरत होते तरी त्या जिना उतरल्या. तोफ खांद्यावर, मागून भावजय, तिच्या मागून भाऊ. रंगारी तोवर स्वतःच खाली आला होता आणि डोकं चाचपत होता.

सेक्रेटरींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "आणि हा डाग नाही कशावरून?"

"डाग आहे. हा बघा, उजव्या कोपऱ्यात, पुसट. लपवत नाही मी." अक्कांनी फोटो पुढे सरकवले. "घरटं इकडे गेलं, तिकडे गेलं, डाग कोपरा सोडत नाही. आणि हे आमच्या फडक्याला चिकटून बसलंय. फडकं जिथे, तिथे हे."

रंगारी वाकून बघत होता. "तोंड उघडलंय साहेब त्याने. मी नाही हात लावणार."

 सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "बरं. आणि पावसाआधी टाकी झाली नाही तर? लोकांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"सांगणारच आहे!"

"फळ्यावर लिहा. मोठ्या अक्षरात. आधीचं पुसून."

सेक्रेटरी ऑफिसकडे वळले, आणि खरंच फडकं शोधू लागले. रंगारी तिथेच उभा होता. "पिल्लू उडेपर्यंत मी काय करू?" त्याने विचारलं.

"आमच्या गॅलरीची जाळी गंजलीय," अक्का म्हणाल्या. "ये उद्यापासून."

"अक्का!" भाऊ म्हणाला.

"काय अक्का? काल हसलास ना? आता खरवडायला बस त्याच्याबरोबर."

भावजय टाकीकडे बघत होती. "म्हणजे माझं फडकं आता मिळत नाही."

"ते तिच्या पोराचं अंथरूण झालं गं," अक्का म्हणाल्या. त्यांनी तोफ भावाच्या हातात दिली, वर जाऊन चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकून त्याला चिमटा लावला, आणि पिशवी घेऊन भावजयीसाठी नवं फडकं आणायला निघाल्या.