जानरावचा डावा कान

वलगावच्या जानरावला हाक मारायची तर उजव्या बाजूने जावं लागे. डावा कान त्याच्या बापाने, खुशालरावांनी फोडला होता, तोही पोराचं भलं करायच्या नादात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. घरी काळी जमीन होती, पण पोरगा शिकून कचेरीत बसावा ही खुशालरावांची हौस. पोरगा तल्लखच होता. ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगायचा. पुस्तक उघडलं की मात्र काल घोटलेली अक्षरं आज ओळखेना. रामराव मास्तरांच्या मते हा निव्वळ आळस. आळसावर त्यांचं एकच औषध, निंबाचा ओला फोक. बोटं फुटायची, रक्त पाटीवर सांडायचं, आणि ती पाटी पुसायलाही त्यालाच लावत. असल्या विद्येला आग लागो.

पोळ्याला तोरणाखाली जानरावने अशा झडत्या, म्हणजे पोळ्याची बैलांपुढची गाणी, म्हटल्या की सारा गाव डोलला. फुगलेल्या बापाने पाहुण्यांसमोर त्याच्या हातात पुस्तक दिलं. तो अडखळला, पाहुणे हसले, आणि खुशालरावांचा पंजा कानावर बसला. एकदा नाही, रक्त येईपर्यंत. पोळ्याच्या दिवशी बैलावर कोणी हात उगारत नाही. पोराला तेवढीही सूट नव्हती.

पुढे शाळा तपासायला अमरावतीहून डिप्टीसाहेब आले. माणूस चिकित्सक. जानरावला त्यांनी लांबच्या झाडावरचे पक्षी मोजायला लावले, डोळे चोख निघाले. तोंडी हिशेब घातले, ते झटक्यात सुटले. मग पाठीमागे उभं राहून ते हळूच बोलले. डाव्या बाजूचं त्याला काहीच कळलं नाही. ऐकू येत नाही म्हणून वाचता येत नाही, असं साहेबांनी ठरवलं. त्याला पुढे बसवा, मारू नका, असं मास्तरांना बजावलं.

खुशालरावांनी नुसती मान हलवली असती तर पोरगा सुटला असता. पण ते म्हणाले, "कान म्या फोडला साहेब, पोळ्याले. वाचता त त्याले त्याच्या पयलेपासूनच येत नोतं. म्हणूनच त मारलं."

साहेबांचा चेहरा उतरला. डोळे ठीक, बुद्धी ठीक, तरी अक्षर का टिकत नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि ते निघून गेले. बहिरेपणाची ढाल गेली. मास्तरांच्या लेखी उरला तो पुन्हा आळसच.

दुसऱ्या दिवशी फोक उठला. जानरावने तो हिसकावला आणि उलटा घातला. मास्तरांचं कपाळ फुटलं, शाळा कायमची सुटली.

तो घरी आला तेव्हा खुशालराव बैल हाकायची तुतारी घेऊन बैल सोडत होते. बातमी त्यांच्या कानावर आधीच आली होती. जानराव पुढे येऊन उभा राहिला आणि त्याने डावा गाल वळवला.

"बा, याच बाजूनं मार. त्या दुसऱ्या कानानं आयकू येते मले."

खुशालरावांच्या हातून तुतारी खाली पडली. त्यानंतर त्यांनी बैलालाही कधी मारलं नाही.