पंधरावी टाचणी

धनजजवळच्या तलावावर लागणाऱ्या पाटीवर चौदा नावं रंगवून झाली आहेत, पंधरावी ओळ कोरी आहे. कारंज्याच्या पेंटरने आज, रविवारी सकाळी फोनवर हे पक्कं सांगितलं. ओळ कोरी राहिली ती माझ्यामुळे.

पाटी शबानाताईंची. त्या कारंजा लाडला शाळेत विज्ञान शिकवतात. दोन वर्षं त्या या तलावावरचे चतुर आणि टाचण्या टिपताहेत. (बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, मिटून घेते ती टाचणी; सुरुवातीला एवढं पुरतं.) फोटो त्या पाठवायच्या, नावं मी शोधून द्यायचो. ग्रामपंचायतीने पाटीला होकार दिला. खाली शबानाताईंचं नाव येणार होतं. गुरुवारी जुने फोटो चाळताना पंधराव्या नावापाशी मी थबकलो आणि पेंटरला ती ओळ तेवढी थांबवायला सांगितलं. ती मळकट टाचणी मी एकाच, वरून काढलेल्या फोटोवरून ओळखली होती. चूक माझी आणि नाव त्यांचं. गावात आधीच कोणीतरी विचारून झालं होतं, "मॅडमले किडे मोजाचा पगार भेटते काय?"

शनिवारी वाशीमहून पहिली एसटी धरली. मंगरूळपीरमार्गे कारंजा, दोन तास धरून चाला. सध्या सोयाबीनची मळणी चालू असल्याने रस्त्यात ट्रॅक्टर फार. कारंजा स्टँडबाहेर आलुबोंडा-रस्सा चांगला मिळतो. मला अर्धाच गेला.

शबानाताई स्कूटी घेऊन आल्या. "चेहरा असा काय केलाय? चुकलं तर वरचं 'पंधरा' पुसू."

"ऑइलपेंट आहे, ताई."

"ते घासून निघेल हो. बुधवारी पोरं पाटी वहीत उतरवून घेणार. ते कसं घासायचं, सांगा."

मी मागे बसलो; वीस-पंचवीस मिनिटांत तलाव आला.

तलावावर जायचं तर नऊनंतर जा. ऊन चढल्याशिवाय चतुर उडत नाहीत. पाणकणसाच्या कडेला चिखल असतो, जुने बूट घाला. आपली सावली पुढे पडू देऊ नका. आणि माझ्यासारखं करू नका: फोटो बाजूने काढा, शेपटीचं टोक स्पष्ट येईल असा.

काठावर देवराव भोई जाळं सुकवत होते. "कायले आले, भाऊ?"

"चतुर पाहायला."

"चतुर? जे चतुर होते ते वाशीमले गेले. आमी राह्यलो हितं."

शबानाताईंनी हाताने पंख करून दाखवले.

"हेलिकाप्टर! मंग तसं म्हना ना."

मळकट टाचणी लवकरच दिसली, पण वारा तिला बसू देईना. तासाभरात चाळीसेक फोटो काढले, सगळे हललेले. अकराला ढग आले आणि सगळं उडणं थांबलं. परतीच्या एसटीची वेळ मी दोनदा पाहिली.

"काहून तिच्याच मांगं लागले?" देवरावांनी विचारलं.

"ती वेगळ्या जातीची आहे का, ते पाहायचंय."

"वेगळी कायची? त्या पिवळ्याची बायको व्हय ते. तो तिची मान धरते अन् हे पान्यातल्या काडीत अंडे घालते. रोज पाहून राह्यलो."

शबानाताई वळल्या. "दोन वर्षं मी इथे येतेय, देवरावभाऊ!"

"तुमी इचारलंच नाई, मॅडम. वरून फोटो काढू काढू जात होत्या."

पिवळी टाचणी आमच्या यादीत चौथी होती. नर आणि मादीला आम्ही दोन जाती करून बसलो होतो. पण ऐकलेलं पाटीवर जात नाही. पाऊण तास थांबलो. ऊन आलं, आणि एका बुडत्या काडीवर ते जोडपं उतरलं. पिवळ्याने शेपटीच्या टोकाने मळकट टाचणीची मान धरलेली. बाजूने सहा फोटो मिळाले. दोन स्पष्ट.

शबानाताईंनी तिथूनच पेंटरला फोन लावला. तो म्हणाला, "वरतं मोठ्या अक्षरात पंधरा लिवलं ना मॅडम. एक कमी कायले करता, एक शोधून द्या. तलाव काय लहान हाय?"

"पंधरा पुसा, चौदा लिहा," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला होता.

संध्याकाळी घरी पोचलो. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी आज दिवसभर उरलेली चौदा नावं तपासत बसलो. अकरा जातींचे फोटो बाजूने काढलेले आहेत. तीन जातींचे फक्त वरून. ती नावं रंगवून वाळलीसुद्धा आहेत.

मघाशी शबानाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "या वेळी नावं तुम्ही सांगू नका. आधी देवरावभाऊंना विचारू, मग बघू." उद्या ऊन चढलं की त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तीन फोटो घेऊन तलावावर जाणार आहेत. पेंटरला दुपारपर्यंत वरचा आकडा न लिहिता थांबायला सांगितलं आहे.