पायरीचा डावा कोपरा

तर मेहुण्यांनी ती गाडी उचलून खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भाऊजी, ही तर नवरीसारखी नटलीय. सासरी धाडायचीय की काय?"

झालं! पेंटरांचं तोंड एवढंसं झालं.

आता पेंटर म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. एकोणचाळीस वर्षं गॅरेजात मोटारी रंगवलेल्या. ठोकलेली, गंजलेली गाडी आत जायची आणि बाहेर यायची ती तिच्यात बघून भांग पाडावा अशी. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे थांबेनात. स्टुलं रंगवली, खिडक्या रंगवल्या, बादलीची कडीसुद्धा रंगवली. मांजर तेवढं वाचलं, तेही चपळ म्हणून.

शेवटी बायकोच्या थोरल्या भावानंच, म्हणजे या मेहुण्यांनीच, एक खोका आणून दिला. आत प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे. जोडले की लष्करातली चिलखती गाडी, तळहातावर मावेल एवढी. मेहुण्यांनी अकरा वर्षं तसलीच गाडी चालवलेली. "बनवा," म्हणाले. "माझी वाटली तर घरी नेऊन कपाटात ठेवीन. नाही वाटली तर राहू दे तुमच्याकडेच."

पेंटरांना ते लागलं. त्यांच्या हातची गाडी मालक न नेता ठेवून गेल्याचं आजवर घडलं नव्हतं. चिमट्यानं एकेक चाक बसवलं, हिरव्या रंगाचे तीन हात दिले, आरसा केला आरसा! आणि वर हे ऐकून घेतलं.

"अहो, मळवा की जरा," बायको म्हणाली. "जन्मभर तुमचे रंगाचे कपडे धुतले. मळवा म्हणायची वेळ आज आली."

तिनंच पायपुसण्यातली माती फडक्यातून गाळून दिली. भांडी घासायच्या जुन्या स्पंजाचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून पेंटर गंजाचे ठिपके देऊ लागले. पण हात पडला पेंटरचा! सगळीकडे एकसारखे, मापून दिल्यासारखे ठिपके.

पुढच्या रविवारी मेहुणे म्हणाले, "आता हिला कांजिण्या आल्यात."

बायको हसता हसता खुर्चीत बसली. पेंटरांनी दोन दिवस गाडीकडे बघितलं नाही.

बुधवारी बायकोनं हाक मारली. "अहो, दारातल्या भिंतीवर दादाच्या हाताचा डाग पुन्हा उमटलाय. रंगवून टाका."

पेंटर ब्रश घेऊन दारात गेले आणि तिथंच थबकले. दाराला तीन पायऱ्या. मेहुणे येणार, डावा पाय आधी टाकणार, उजवा पंजा भिंतीवर, नेमका त्याच जागी, आणि मग "आहे का कोणी घरात?" गाड्यांचंही असंच की! खिडकीवर कोपर टेकणाऱ्याची खिडकी झिजलेली, अंगठी घालणाऱ्याचं दार कडीपाशी खरचटलेलं. आयुष्यभर आपण दुसरं काय बुजवलं? भिंत तशीच सोडून ते आत पळाले.

"डाग?" बायकोनं विचारलं.

"असू दे, कामात आहे."

ठिपके पुसले, हिरवा रंग पुन्हा दिला, या वेळी चमक न ठेवता. गाडीच्या दाराखालच्या पायरीचा डावा कोपरा तेवढा खरवडला आणि पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळून उघड्या लोखंडासारखा केला. दाराच्या उजवीकडे, पंजा पडेल तिथं, तेलकट झाक. चाकांना माती, बाकी अंगावर जराशी धूळ. आणखी एक ठिपका द्यायला हात वळवळत होता, पण बायकोनं ब्रशच काढून घेतला.

रविवारी मेहुण्यांनी गाडी हातात घेतली. चष्मा वर झाला, खाली झाला. थट्टा काही येईना. पेंटरांचा जीव टांगणीला. मग दिसलं, की खुर्चीखाली मेहुण्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेलाय.

"माझीच आहे," मेहुणे हळूच म्हणाले. "पण भाऊजी, डावा पाय इथं, हात इथं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? तुम्ही ती गाडी जन्मात पाहिली नाहीत."

पेंटर गाडी बांधून द्यायला खोका शोधत होते. खुशीत मान वर करून म्हणाले, "सांगायला कशाला हवं, दादा? दर वर्षी दारातली भिंत रंगवतो, तेव्हा तुमचाच हात बुजवत असतो मी. यंदा तेवढा ठेवलाय. त्याच्याकडे बघून बघून गाडीवर उतरवायला लागला ना!"