भावोजींचा आठ नंबर

भिवंडीतले सगळे लूम एका दिवसात बंद पडले असते तरी मला एवढं नवल वाटलं नसतं, पण माझे धाकटे दीर धरलेली एखादी गोष्ट सोडतील, हे मी कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं मानलं नसतं. एकदा धरलं की धरलं, असा त्यांचा स्वभाव. त्या स्वभावापायी आम्ही घरातली माणसं जेवढी हसलो तेवढीच दमलोही. त्यांचा न्हावी इतका म्हातारा झालाय की कात्री त्याच्या हातात आपोआप चालते. महिन्यातून एकदा भावोजी कानाला कापूस लावून घरी येतात. मी हळद पुढे करते. तेच म्हणतात, "कान भरून येतो वहिनी. पण मी गेलो न्हाय तर त्याच्याकडे जाणार कोण?" नारपोलीच्या नाक्यावर ते ज्या टपरीवर चहा पितात, तिथला चहा असा की टपरीवाला स्वतः समोरच्या हॉटेलात जाऊन पितो. त्यांचा अंगाचा साबण कंपनीनं बनवायचा बंद केला तेव्हा शेवटच्या वडीचा पापुद्रा त्यांनी नव्या साबणावर चिकटवला आणि तो विरघळेपर्यंत जुनाच साबण वापरतो असं सगळ्यांना सांगितलं. लग्नाचंही तेच. तरुणपणी एका मुलीला त्यांनी होकार दिला, पुढे ती माणसं फिरली. यांनी मात्र दुसरी मुलगी बघितली नाही. "मी शब्द दिला व्हता," एवढंच म्हणत. त्या मुलीला आता जावई आलाय.

या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांची फुटबॉलची टीम. आपल्या देशातल्या लीगमधलीच, पण तिचं खरं नाव त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. ते तिला नुसतं 'आपली' म्हणत. "आज आपली हाय" म्हणाले की संध्याकाळचा स्वयंपाक लवकर आटपायचा हे मला कळे. आपली बहुतेक वेळा हरे. हरली की भावोजी टीव्ही बंद करून त्याच्यावर टॉवेल टाकत, जशी काही चूक टीव्हीची होती आणि त्याला आता झोपवलेलं बरं. मॅच चालू असताना कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असे. माझे यजमान खिडकीशी, मुलगी खाटेच्या पायथ्याशी. माझी जागा स्वयंपाकघराच्या दारात, उभ्यानं, हातात लाटणं घेऊन. याचं कारण असं की एकदा मी चपात्या करताना कसला ओरडा झाला म्हणून लाटण्यासकट दारात आले, आणि त्याच क्षणी आपलीनं गोल केला. झालं. त्यानंतर आपली मागे पडली की आतून हाक येई, "वहिनी, जरा लाटणं घेऊन या." मी लाजरी बाई, दिराला नाही म्हणायचं कसं? तवा खाली उतरवून मी उभी राही. खेळातलं मला सुरुवातीला काही कळत नव्हतं. पण दारात उभं राहून राहून ऑफसाईड मला यजमानांच्या आधी कळायला लागला. अर्थात तसं मी कधी बोलून दाखवलं नाही.

आपलीवर भावोजींचा राग एकाच गोष्टीसाठी होता. पोरं तयार करायची तिनं आणि ती नावारूपाला आली की मोठ्या टीमनं पैसे टाकून उचलून न्यायची. "लोणचं आपण घालायचं वहिनी, आणि मुरलं की शेजाऱ्यानं बरणीच न्यायची." मालक बदलला, कोच बदलले, छातीवरची जाहिरात तर दरवर्षी बदले. एक वर्ष पंख्याची, एक वर्ष कसल्याशा ॲपची. राहिला तो एकटा आठ नंबर. खेळाडूंनाही ते नावानं हाक मारत नसत, नंबरानंच ओळखत. हा आठ नंबर गोल केला की छातीवरचा टीमचा बिल्ला चिमटीत धरून लोकांना दाखवी. भावोजीही मग आपल्या शर्टाचा खिसा चिमटीत धरून आम्हाला दाखवत. त्या खिशात त्यांचं पेन असे आणि ते हमखास गळे. त्यांच्या एकूण एक शर्टांच्या छातीवर निळा डाग होता. तो डाग काढायचं मी पुढे सोडून दिलं.

भावोजी एका लूमच्या कारखान्यात मेहता होते. मेहता म्हणजे सूत किती आलं, तागे किती निघाले, कापडात दोष कुठे आहे हे सगळं बघणारा माणूस. शेठ भला होता आणि थकलेला होता. इथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक शेठच्या कापडाच्या किनारीत एक रंगीत दोरा घालतात, म्हणजे कोरे तागे डाईंगला गेले की कुणाचा माल कुठला ते ओळखू येतं. आमच्या शेठची किनार वर्षानुवर्षं काळी. एके वर्षी आपली चक्क फायनलला पोचली, आणि भावोजींनी शेठला न विचारता किनारीत आपलीचा लाल आणि पिवळा दोरा भरायला लावला. कारीगर सगळे उत्तरेकडचे. त्यातला एक म्हाताराही फुटबॉलचा शौकीन होता. त्यानं बजावलं होतं, "मेहताजी, ये लाल कच्चा है, रंग छोड़ेगा." पण भावोजींच्या अंगात तेव्हा फायनल शिरली होती. कापड डाईंगमधून पांढरंशुभ्र होऊन यायचं, ते गुलाबी ओघळ घेऊन आलं. फायनलही हरलो. भावोजी हिशेब करून घ्या म्हणून शेठपुढे जाऊन उभे राहिले. शेठनं तागा उलगडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "मेहताजी, टीम तुम्हारी, कपड़ा मेरा. जीतते तो भी ठीक था." एवढंच. पगारातून काही कापलं नाही, वर ते खराब तागे घरी पाठवून दिले. आमच्या उशांचे अभ्रे, पडदे, माझी चपात्या गुंडाळायची फडकी, सगळं अजून त्याच गुलाबी कापडाचं आहे.

तेव्हापासून शेठही 'आपले' झाले. पुढे धंदा बसत गेला. आधी रात्रपाळी बंद झाली, मग निम्मे लूम. कारखान्यात दिवे कमी आणि कापसाची धूळ जास्त. त्या अंधुक उजेडात कापडातले दोष बघून बघून भावोजींचे डोळे बिघडायला लागले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की ही धूळ सोडा, नाहीतर पुढे वाचतासुद्धा येणार नाही. माझे यजमान मानकोलीला गोदामात सुपरवायझर. तिथे आलागेला माल लिहून घ्यायची जागा रिकामी झाली. लख्ख उजेड, डोक्यावर पंखा, पगारही दुपटीच्या जवळ. तिथल्या साहेबानं दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं. यजमान रोज जेवताना विषय काढत.

"अरे, शेठ काय तुला दत्तक घेणार हाय का?"

"न्हाय."

"मग? डोळे गेल्यावर त्याच्या कारखान्यात काय पेटी वाजवणार हायस?"

"आठ नंबरला मोठ्या टीमनं कितींदा बोलावला, दादा. गेला का तो?"

"तो नाय गेला तर त्याला गाडीबंगला हाय. तुला काय हाय?"

"शेठ हाय," भावोजी म्हणत आणि भाताचा घास उजेडाकडे धरून त्यातला खडा शोधत. खडा नसायचाच. त्यांना तो दिसला नाही तर, याची भीती असायची. त्यांचं सगळं म्हणणं या एका आठ नंबरवर उभं होतं. तो गेला नाही म्हणून भावोजी जाणार नव्हते.

आणि तो गेला. गणपती नुकतेच उठले होते. टपरीवर त्या म्हाताऱ्या कारीगरानं मोबाईल पुढे केला. त्यात आठ नंबर दुसऱ्या टीमची जर्सी हातात धरून हसत होता. तीच मोठी टीम, जिचं नाव आमच्या घरात घ्यायची बंदी होती. भावोजी घरी आले आणि त्यांनी सकाळीच टीव्हीवर टॉवेल टाकला. यजमान दुष्ट नव्हेत, पण त्यांच्यानं राहवलं नाही. "गेला का तुझा भाऊ?" असं विचारलंच.

मला वाटलं आता भावोजी त्याला शिव्या घालतील. आठ नंबर म्हणायलाही आमच्या घरात बंदी होईल. पण ते दिवसभर त्याची बाजू मांडत बसले. "घरचं अडलं असंल." थोड्या वेळानं, "आई आजारी असंल." दुपारपर्यंत त्यांनी त्याला दोन बहिणी दिल्या, त्यातली एक लग्नाची केली आणि गावचं घर पावसात पाडलं. चहा द्यायला गेले तर मला म्हणाले, "पायांचं काम हाय वहिनी. पाय किती वर्षं चालणार? चालतात तोवर बघायला नको का त्यानं?"

मी कप ठेवून परत फिरणार होते. दिरांशी मी आपणहून चार शब्द बोलले असेन तर ते जेवण वाढताना. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तुमचे डोळे किती वर्षं चालणार, भावोजी?"

चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. मी आत जाऊन उगाच घासलेली भांडी परत घासली.

काम सोडतो असं शेठला सांगायचं ठरवून ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि न सांगता परत आले. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेठच्या पाठीत कळ होती, शेठचे पाहुणे आले होते, शेठ आज बरा हसत होता मग कसं सांगू, अशी रोज नवी अडचण. शुक्रवार उजाडला. शुक्रवारी लूमला सुट्टी. भावोजी शेठच्या घरीच गेले आणि दुपारी परत आले ते हसत. त्यांचं ते हसणं मला आवडलं नाही.

झालं होतं असं. त्यांनी कसंबसं तोंड उघडलं, "शेठ, मानकोलीला एक जागा…" आणि शेठनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. "या अल्लाह, मेहताजी, इतने दिन क्यों नहीं बोले?" शेठकडे वर्षभर माणसं खेपा घालत होती. लूम भंगारात काढा, शेड गोदामाला भाड्यानं द्या, घरबसल्या पैसे. घरची मुलंही मागे लागली होती. शेठ प्रत्येक वेळी एकच सांगे की माझा मेहता आहे, त्याच्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दुसरीकडे कोण ठेवणार. "तुम जाते नहीं थे, मैं बेचता कैसे?"

भावोजी हे सांगताना हसत होते आणि चष्मा पुसत होते. "म्हणजे मी त्याच्यासाठी थांबलो व्हतो आणि तो माझ्यासाठी. दोघंबी बुडत व्हतो की वहिनी." यजमानांनी पहिल्यांदाच त्यांना टोमणा मारला नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी माझ्याबरोबर चल."

लूम वजनावर गेले. टेम्पो भरत होते तेव्हा शेठ आणि भावोजी त्या टपरीवर बसून तो घाणेरडा चहा पीत होते, असं कारीगरानं सांगितलं. कारीगर गावी गेला. आता त्या शेडमध्ये खोकी असतात. भावोजी मानकोलीला जातात. डोळ्यांची जळजळ थांबली आहे, नजर आहे तिथे टिकली आहे. पैशांची ओढाताणही पूर्वीइतकी नाही. गोदामाची सुट्टी रविवारी, पण शुक्रवारी सकाळी ते अजून खाटेवर जरा वेळ पडून राहतात आणि मग एकदम उठून बसतात. त्यांच्या गोदामात जर्सींची खोकीही येतात. आठ नंबरच्या नव्या जर्सीची आली तेव्हा यजमान म्हणाले, याला ती मोजायला देऊ नका. पण भावोजींनी स्वतःच मोजून घेतली आणि एकही कमी न करता पुढे पाठवली.

मागच्या महिन्यात आपली आणि ती मोठी टीम समोरासमोर आल्या. संध्याकाळी भावोजींनी टीव्हीवरचा टॉवेल काढून घडी करून ठेवला. यजमान खिडकीशी बसले. मला हाक आली नाही, तरी मी लाटणं घेऊन दारात आले. आपली बरी खेळत होती. मग आठ नंबरनंच गोल केला, आपल्यावर. त्याची नवी टीम त्याच्या अंगावर उड्या मारत होती आणि तो मात्र हसला नाही. लोकांकडे बघून त्यानं हात जोडले आणि मान खाली घालून चालायला लागला.

"बघितलंत? हात जोडले," भावोजी म्हणाले. त्यांचा हात खिशाकडे गेला, पण चिमटीत धरायच्या आधीच खाली आला. नव्या कामावर नोंद कॉम्प्युटरवर होते, पेन लागत नाही, तो खिसा रिकामाच असतो. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वहिनी, किती वर्षं उभ्या राहिलात तुम्ही. बसा आता. कुणाच्या उभ्या राहण्यानं काय होत न्हाय."

यजमानांनी सरकून मला जागा केली. आत फडक्यात गुंडाळलेल्या चपात्या निवत होत्या. पाय दुखत होते, हेही खरं. पण मॅच अजून संपली नव्हती. मी लाटणं या हातातून त्या हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले.