बंडीच्या मापाची मोटारसायकल

माझा मेहुणा गेल्याची बातमी तासभर माझ्या दारात बसून होती आणि मी चुलीमागे लपलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवायला लागलो की वाचकांना माझी लायकी ठाऊक असेल. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, बायको शेजारी अनारशांच्या तयारीला गेलेली. दाराशी हाक आली, "मास्तर हायेत का? अनसिंगहून आलो." दरवर्षी याच सुमारास मेहुण्याचा माणूस अकोल्याला येऊन एकच निरोप द्यायचा : औंदा वाशिमच्या स्टेशनवर गाडी घेऊन येतो, जवाईबुवाइनं बसाच. तो निरोप नको म्हणून मी आवाज घोगरा करून आतूनच ओरडलो, "मास्तर घरी नाहीत!" तो भला माणूस म्हणाला, "बरं, बसतो मंग." आणि बसला! मला खोकताही येईना, जाताही येईना. शेवटी बायको आली, आणि तो तिला सांगत असलेलं मी आतून ऐकलं... "बाई, उकंडराव गेले. काल दुपारी." ती रडायला लागली आणि मी चुलीमागे. मग मागच्या दारानं निघून, गल्लीला वळसा घालून, पुढच्या दारानं आलो. त्या माणसानं माझ्या धोतरावरच्या राखेकडे पाहिलं.

तेरवी होऊन महिना झाला, तरी उकंडरावाच्या गाड्यांबद्दल मला चांगला शब्द सुचत नाही. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. घरी काळीभोर शेती, बैलांच्या चार जोड्या, आणि हा वाशिमच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून रमला. कुण्या गोऱ्या साहेबाची मोडकी मोटारसायकल लिलावात निघाली, ती यानं बैलांच्या बंडीत घालून आणली आणि अनसिंगच्या बाहेर टिनाचं शेड ठोकून बसला. तिथं तो गिऱ्हाइकाच्या मापानं मोटारसायकली बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, तर इंजिन एका मेलेल्या गाडीचं, चाकं दुसरीची, टाकी ठोकून काढलेल्या पत्र्याची. गिऱ्हाइकाला सरकीच्या पोत्यावर बसवून हातपाय सुतळीनं मोजायचे, सुतळीला गाठी मारायच्या, आणि सुतळी खिळ्याला टांगायची. शेडमध्ये अशा पाच-सहा सुतळ्या लोंबत असत. शिंप्याच्या दुकानात निदान कापड तरी असतं! लढाईत पेट्रोल कुपनावर गेलं तेव्हा यानं गाड्या घासलेटवर आणल्या. सुरू करायला चमचाभर पेट्रोल, मग घासलेट. अशी गाडी गावातून गेली की बायका वाळत घातलेली लुगडी काढून नेत.

पण सगळ्यांत हास्यास्पद म्हणजे तिच्या बाजूला जोडलेला, एक माणूस बसायचा पाळणा, साहेब ज्याला साइडकार म्हणतात तो. कंपनीच्या गाडीला तो कसा अंगासरशी, आटोपशीर असतो. उकंडरावाचा पाळणा गाडीपासून हातभर लांब बांधलेला, जणू कुणी मोटारसायकलीला बाज जुंपली आहे. मी एकदा तसं म्हणालो. तो पाना खाली न ठेवता म्हणाला, "जवाईबुवा, आपल्याकडचा रस्ता कोनं केला?"

"सरकारनं."

"बंडीनं केला. बंडीची दोन चाकं, मातीत दोन चाकोऱ्या. कंपनीच्या गाडीचं एक चाक चाकोरीत, दुसरं उंचावर. दोन कोसात मानूस उलटा. माही गाडी बंडीच्या मापाची हाये. दोनी चाकं चाकोरीत." मग मडगार्ड दाखवलं, चाकापासून वीतभर वर. "अन् हे काहून वर? काळी माती गच्च बसते म्हनून. विलायतेत काळी माती नसन बाप्पा, त्याइले काय माहीत!"

साऱ्या जगाला तो असाच तुच्छ लेखायचा. वाशिमचे एक कापसाचे शेठ आले, म्हणाले, चकचकीत पाहिजे, साहेबासारखी. उकंडरावानं त्यांना पोत्यावर बसवलंसुद्धा नाही. "शेठजी, तुमाले गाडी नाही, आरसा पाह्यजे," म्हणून वाटेला लावलं. मी तेव्हा कपाळाला हात लावला होता. सहा-सात वर्षांत त्याच्या गाड्या घेतल्या कुणी, तर मानोऱ्याचे ढोरांचे डाक्टर, ज्यांना तांड्यातांड्यांवर फिरावं लागे, आणि असेच दोन-चार नाइलाजाचे लोक.

त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सहन होणं शक्यच नव्हतं. पहिली गाडी तयार करून हा ती घरी दाखवायला घेऊन गेला, तर म्हातारा फाटकात आडवा उभा. "बापाची शेती टाकून लोहारकी करतं, अन् ते डबडं माह्या आंगनात आनतं? मी जिता हावो तवरोक नाही." हा म्हणाला, "जिथं माही गाडी येत नाही तिथं मी येत नाही." झालं. त्या दिवसापासून तो शेडमध्येच रांधायचा, शेडमध्येच निजायचा. घर हाकेच्या अंतरावर. सासूबाई भाकरी घेऊन जात आणि येताना डोळे पुसत.

यावर एकच तोड होती आणि ती सगळ्या घराला ठाऊक होती. जवाई ज्यात बसून येतो ते वाहन फाटकाबाहेर ठेवता येत नाही. घोडं असो, छकडा असो, त्याला पाणी दाखवून आत घ्यावंच लागतं. म्हाताऱ्याचा शब्द केवढाही मोठा असला तरी जवायापुढं तो चालणार नव्हता. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी जवाई तो जवाईच. म्हणजे उकंडरावाची घरी परतण्याची वाट माझ्या बुडाखालून जात होती!

तो घराबाहेर पडला त्याच साली दिवाळीला आम्ही वाशिमला उतरलो, तर स्टेशनबाहेर सासऱ्यांची बंडी उभी आणि तिच्या शेजारी हे धूड. उकंडराव धुतलेल्या कपड्यांत. "या जवाईबुवा. गादी नवी शिवली."

मी म्हणालो, "उकंडराव, धोतराला तेल लागेल."

त्यानं आपल्या शेल्यानं पाळणा पुसला. "पुसलं."

"पाय आखडतात हो माझे."

"पाय लांब करून बसा. तुमच्याच मापाची केली. गेल्या साली तुमी दुपारी बाजेवर घोरत होते, तवा सुतळीनं मोजून घेतलं."

चार टांगेवाले हसले. मास्तर झोपेत मोजला गेला, हे मला फार लागलं. मी बंडीत चढलो. बायको एकदा भावाकडे, एकदा माझ्याकडे पाहून माझ्यामागे चढली. त्यानं हात पुढे केला. "बरं, पेटी तं द्या," म्हणाला. पेटी दिली. ती आमच्या आधी तीन तास पोचली. सासरे फाटकात उभे राहून म्हणाले, "जवायाची पेटी बसली, जवाई नाही बसला! मास्तर शाहना हाये." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो, हे मला चांगलं आठवतं.

त्यानंतर दरवर्षी तोच निरोप. आणि माझी उत्तरं... एका साली कंबर, एका साली पित्त. एकदा तर दिवाळीला गेलोच नाही.

या आश्विनात त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी म्हातारा शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चाल घरी." आतून, बाजेवरूनच यानं विचारलं, "गाडी घेऊन?" म्हातारा मागे फिरला. दोघांनाही अक्कल सारखीच वाटून आलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेडमध्ये, सुतळ्यांच्या खाली, तो संपला.

तेरवीला गेलो तेव्हा कळलं की सासऱ्यांनी वाशिमहून भंगारवाला बोलावला आहे. शेडमधलं सगळं वजनावर जायचं होतं. भंगारवाला अंगणात तराजू घेऊन जेवायला थांबलेला. मानोऱ्याचे डाक्टर आपल्या गाडीवर आले होते, आणि त्या घरची रीत माहीत असल्यानं गाडी फाटकाबाहेर लिंबाखाली लावून पायी आत आले. मला म्हणाले, "मास्तर, तांड्यावर वासरू आडवं आलं की मी याच्यावर पोचतो. कंपनीची गाडी होती तवा पोचत नव्हतो. अन् हे लोखंड तोलून देऊन राह्यले तुमी?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "डाक्टर, माझ्या मापाची एक तिथं असेल. चालवता?"

ती शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली होती. गादीचा रंग विटला होता. डाक्टरांनी चार लाथा मारल्यावर ती धुराचा लोट सोडून उठली. मी पाय लांब करून बसलो. पाय आखडले नाहीत. पाठीला कुठं काही टोचलं नाही. दोन्ही चाकं चाकोऱ्यांत बसली आणि बंडीत ज्या वाटेवर माझे दात वाजतात, त्या वाटेवरून मी अलगद सरकत गेलो. ज्या गाडीला मी वर्षानुवर्षं बाज म्हणत आलो, तिच्याइतकं माझ्या देहाचं माप माझ्या शिंप्यालाही कधी साधलेलं नाही.

फाटकाशी पंगतीची माणसं उभी राहिली. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, चालत आले आणि फाटकाचं बंद असलेलं दुसरं दारही आपल्या हातानं उघडलं. "जवाई आले," आत पाहून म्हणाले, "पाय धुवाले पानी आना." गाडी आत गेली. भंगारवाल्याला नुसतंच जेवण मिळालं. म्हातारा मात्र त्या दिवशी जेवला नाही, गाडीकडे पाठ करून बसून राहिला. गाडी अजून त्या अंगणात आहे.

पाव्हणेरावळे मला म्हणू लागले, मास्तरनं मान राखला, मास्तरचं काळीज मोठं. मीही, खोटं कशाला सांगू, थोडा फुगलो. परतताना आगगाडीत, जरा मन मोकळं करावं म्हणून, बायकोला म्हणालो, "पाहिलंस ना? बसलो शेवटी तुझ्या भावाच्या गाडीत."

ती खिडकीबाहेर पाहत होती. मान न वळवता म्हणाली, "तवा बसले असते, तं भाऊ घरात मेला असता."